सोसायटीच्या आवारात पाऊसबाग: जागा, मोजमाप, बांधणी आणि पुढची तीन वर्षं

पाऊसबाग म्हणजे आवारात मुद्दाम केलेला उथळ, खोलगट वाफा. गच्चीवरून किंवा वाटेवरून वाहणारं पावसाचं पाणी त्यात वळवायचं, पंधरा सेंटीमीटरपर्यंत साचू द्यायचं आणि दोन दिवसांच्या आत जमिनीत मुरू द्यायचं. आत अशी झाडं लावायची, की ज्यांना जुलैत पाण्यात उभं राहिलेलं चालतं आणि मेमध्ये तहानलेलं राहिलेलंही.

ही कल्पना आजच्या रूपात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीमध्ये १९९०च्या सुमारास पुढे आली. तिथे पाऊस वर्षभर विभागून पडतो, त्यामुळे दोन पावसांच्या मध्ये माती सुकते. तिकडच्या पुस्तिका त्याच हिशेबाने लिहिलेल्या असतात. पुण्यात वर्षाचा साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैत माती आधीच भिजून गच्च झालेली असते आणि डिसेंबर ते मे जवळपास थेंब नाही. म्हणून इथे बांधणी जुलैचा विचार करून करावी लागते आणि झाडांची निवड मे डोळ्यांसमोर ठेवून. या दोन्हींची गल्लत झाली की बागेचं एकतर डबकं होतं किंवा वाळलेल्या काटक्यांचा खड्डा.

खालचा सगळा हिशेब पुणे परिसरातल्या मध्यम सोसायटीचा आहे. एका इमारतीच्या गच्चीचा १५० चौरस मीटर भाग आणि त्याचं पाणी घेणारी ६ मीटर × ३ मीटरची बाग, असं उदाहरण धरलं आहे.

जागा

पाणी आपोआप जिकडे वाहतं त्या वाटेवरची, पण सध्या जिथे ते दिवसेंदिवस साचून राहतं ती सोडून दुसरी जागा शोधा. "तिथे नाहीतरी पाणी तुंबतंच, तिथेच करू" हा सभेतला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात चुकीचा प्रस्ताव. पाणी तुंबतं याचा अर्थच तिथली जमीन ते पीत नाही.

इमारतीच्या पायापासून किमान ३ मीटर दूर राहा. काळी माती असेल तर ५ ते ६ मीटर, कारण ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि पाया, प्लिंथ, कुंपणाची भिंत यांना तडे देते. पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीपासून आणि सेप्टिक टँकपासूनही तितकंच अंतर ठेवा. मोठ्या झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली खोदू नका, मुळं तुटतात. शहरी भागात झाडाला इजा करणं १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं. खाली पार्किंगचा स्लॅब असलेल्या पोडियमवर पाऊसबाग होत नाही. तिथे मुरायला जमीनच नाही, फक्त गळती मिळेल.

खोदण्याआधी महावितरणची केबल, गॅसची लाइन, इंटरनेटच्या तारा आणि ड्रेनेजचे चेंबर कुठून जातात हे नकाशावर आणि प्रत्यक्ष जागेवर पाहून चुन्याने आखून घ्या.

आधी पाइप तपासा

हे काम मार्च-एप्रिलमध्येच करायचं, कारण तेव्हाच खरं कळतं. पावसाच्या पाण्याचा पाइप उन्हाळ्यात खालच्या तोंडाशी ठणठणीत कोरडा असला पाहिजे. तिथे ओल, शेवाळ किंवा साबणाचा फेस दिसला, तर त्याला काहीतरी वेगळं जोडलेलं आहे. ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं पाणी आणि गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो, हे दोन नेहमीचे संशयित. साबणाचं पाणी माती खराब करतं. टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी स्वच्छ असतं, पण रोज टपकत राहतं. वाफा कधी सुकतच नाही, पाणकणीस उगवतं आणि मग डासांची तक्रार बागेच्या नावावर जाते. या जोडण्या वेगळ्या काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिल्या पावसाचं पाणी धूळ आणि कबुतरांची विष्ठा घेऊन येतं. बोअरवेल पुनर्भरणात ते सोडून द्यावं लागतं. पाऊसबागेत सोडायची गरज नाही, मातीचा थरच ते गाळतो. मात्र गाड्या धुण्याच्या जागेवरचं तेलकट पाणी इथे आणू नका, आणि बागेत साचलेलं पाणी थेट बोअरवेलमध्ये सोडू नका.

मुरण्याची चाचणी

ठरवलेल्या जागी, बागेचा तळ जिथे येणार त्या खोलीवर, ३० सेंटीमीटर लांब-रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या. भिंती कुदळीने खरवडा, कारण फावड्याने चोपलेली चिकण माती पाणी अडवते. खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी १५ सेंटीमीटर पाणी भरून आत पट्टी उभी करा आणि दर तासाला पातळी लिहा.

पाणी तासाला २५ मिमी किंवा जास्त उतरत असेल तर जागा उत्तम; तिथे मूळ माती बदलायचीही गरज नाही, वरच्या २० सेंटीमीटरमध्ये कंपोस्ट मिसळलं तरी पुरे. १२ ते २५ मिमी असेल तर खाली दिलेलं मिश्रण भरा. ६ ते १२ मिमी असेल तर मिश्रण हवंच आणि बाग थोडी मोठी हवी. ६ मिमीच्या खाली गेलात तर १५ सेंटीमीटर पाणी उतरायला एक दिवसाहून जास्त लागेल; तिथे तळाला निचऱ्याचा पाइप टाका किंवा जागा बदला.

काळ्या मातीत या चाचणीचा एक सापळा आहे. एप्रिलमध्ये तिला भेगा पडलेल्या असतात. पाणी ओतलं की मिनिटात गायब होतं आणि सगळे खूश. तीच माती जुलैत फुगून भेगा बुजवते आणि पाणी हलत नाही. म्हणून काळ्या मातीत खड्डा सलग तीन दिवस भरलेला ठेवायचा आणि मगच मोजायचं. मुरूम असेल तर एका रात्रीचं भिजवणं पुरतं. फावडं फूटभरावर कातळावर वाजलं तर तिथून निघा.

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांची "बाग" प्रत्यक्षात बांधकामाच्या राडारोड्यावर पसरलेली वीतभर माती असते. खोदताना विटा, प्लास्टरचे गोळे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या निघतील. ते सगळं काढावं लागतं, आणि खर्चाचा अंदाज तिथेच चुकतो.

किती मोठी हवी

२५ मिमीची सर पूर्ण सामावून घेईल एवढी बाग पुण्यासाठी ठीक. १५० चौ.मी. × ०.०२५ मीटर = ३.७५ घनमीटर. गच्चीवर थोडं पाणी अडतं, उडतं. ९० टक्के धरलं तर सुमारे ३,४०० लिटर.

आता ६ × ३ मीटरच्या वाफ्यात काय मावतं ते पाहू. कडांना एकास तीन असा उतार, म्हणजे १५ सेंटीमीटर खोलीसाठी प्रत्येक बाजूला ४५ सेंटीमीटर. मग सपाट तळ राहतो ५.१ × २.१ मीटर, आणि वर साचणारं पाणी होतं २,१०० लिटर. खाली ६० सेंटीमीटर मोकळ्या मिश्रणात पाचवा हिस्सा पाणी मावतं असं धरलं तर आणखी २,१०० लिटर. एकूण ४,२०० लिटर. वरचे आठशे लिटर जुलैतल्या आधीच भिजलेल्या मातीसाठी हाताशी राहतात. ते वाचवायला बाग छोटी करू नका.

घाईचा हिशेब हवा असेल तर गच्चीच्या क्षेत्राच्या १० ते १५ टक्के. मुंबई-कोकणात पाऊस २,००० मिमीच्या वर; तिथे ४० ते ५० मिमीची सर धरा आणि पावसाळ्यात भूजल बागेच्या तळापासून किमान ६० सेंटीमीटर खाली राहतं ना, हे जवळच्या विहिरीत पाहा. जांभा दगडात पाणी झटकन मुरतं, पण भूजल वर आलं की जायला जागा नसते.

काम सुरू करण्याआधी सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, आणि त्यात देखभालीची जबाबदारी व वार्षिक रक्कम लिहा. पुणे महापालिका पर्जन्यजल संधारणासारख्या प्रकल्पांसाठी मिळकतकरात सवलत देते, पण नुसती पाऊसबाग त्या निकषात बसेलच असं गृहीत धरू नका. क्षेत्रीय कार्यालयात विचारून मगच बजेट मांडा.

खोदाई आणि भरण

खोली ७५ सेंटीमीटर: ६० मिश्रणाची, १५ पाणी साचण्याची. १८ चौ.मी.ला १३.५ घनमीटर, म्हणजे पावणेपाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). उकरलेली माती फुगते, त्यामुळे सहा ब्रास उचलायची तयारी ठेवा. त्यातली बरी माती खालच्या अंगाला बांधासाठी वापरता येते.

जेसीबी वापरलात तर तो काठावरच उभा राहू द्या. खड्ड्यात उतरलेलं यंत्र तळ दाबून सिमेंटसारखा करतं, आणि मग वर कितीही चांगली माती भरा, पाणी त्या तळावरच थांबतं. खोदून झालं की तळ कुदळीने १० ते १५ सेंटीमीटर खणून मोकळा करा. तळ सपाट हवा. तिरका राहिला तर सगळं पाणी एका कोपऱ्यात जमून तिथली झाडं कुजतात आणि दुसऱ्या टोकाची वाळतात. गवंड्याची लेव्हल ट्यूब लावून चारही कोपरे तपासा, नजरेवर विसंबू नका.

मिश्रणासाठी वाळू निम्मी, पोयट्याची माती ३० टक्के, कंपोस्ट २० टक्के. ६० सेंटीमीटरसाठी एकूण १०.८ घनमीटर, म्हणजे जेमतेम चार ब्रास: दोन ब्रास वाळू, सव्वा ब्रास पोयटा आणि सुमारे दोन घनमीटर कंपोस्ट, जे ४० किलोच्या पंचवीस-तीस गोण्यांत येतं. भिजल्यावर मिश्रण बसतं, म्हणून प्रत्येक गोष्ट दहा टक्के जास्त मागवा.

वाळू म्हणून धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घ्या. न धुतलेलीत दगडाची भुकटी असते आणि एका पावसाळ्यात तीच सगळ्या फटी बुजवते. काचेच्या बरणीत एक तृतीयांश वाळू आणि वर पाणी घालून जोरात हलवा, तासभर ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या विसाव्या भागाहून जाड असेल तर ट्रक परत पाठवा. नर्सरीतली लाल माती मिश्रणात नको, सुकली की ती विटेसारखी घट्ट होते. कंपोस्ट पूर्ण कुजलेलं हवं आणि २० टक्क्यांच्या वर नको. जास्त घातलं तर झाडं पहिल्या वर्षी जोमात दिसतात, पण कंपोस्ट कुजून वाफा खचतो आणि त्यातलं नत्र पाण्याबरोबर खाली भूजलात जातं.

मिश्रण बाहेर ताडपत्रीवर कालवा, २० सेंटीमीटरच्या थरांनी भरा, प्रत्येक थरावर पाणी मारा. चोपणी मारू नका आणि वर चढून तुडवू नका. पाण्याने जेवढं बसायचं तेवढंच बसू द्या.

निचऱ्याचा पाइप लागणार असेल, तर तळाला २० सेंटीमीटर २० मिमी खडी, तिच्या मध्यात भोकं पाडलेला ११० मिमी पीव्हीसी पाइप शंभरास एक उताराने, आणि खडीवर ६ ते १० मिमी बारीक खडीचा ५ सेंटीमीटर थर. पाइपला कापड गुंडाळू नका, तेच आधी तुंबतं. अडचण वेगळीच येते: हा पाइप जमिनीखाली जवळपास मीटरभर असतो, आणि आवारातलं पावसाळी गटार बऱ्याचदा दीड फूटच खोल. म्हणजे पाणी चढावर जाणार! खोदण्याआधी गटाराचा तळ मोजा. जुळत नसेल तर मिश्रण ४५ सेंटीमीटरवर आणा आणि क्षेत्र वाढवा.

पाणी येण्याची वाट, जाण्याची वाट

झाडांच्या यादीवर सभा तासभर चर्चा करते आणि ओव्हरफ्लोवर कुणी बोलत नाही. बाग बिघडते ती मात्र इथे.

गच्चीच्या पाइपच्या तोंडाशी जाळी बसवा. खाली बागेआधी ६० × ६० × ६० सेंटीमीटरचा विटांचा गाळ-चेंबर बांधा, बाहेर जाणारा पाइप तळापासून २० सेंटीमीटर वर. या चेंबरचा तळ काँक्रीटचा करू नका. खडीवर मोकळा सोडा. बंद तळात राहिलेलं ते २० सेंटीमीटर पाणी डासांसाठी आदर्श असतं, बागेपेक्षा कितीतरी जास्त. बागेत पाणी जिथे पडतं तिथे मीटरभर जागेत मुठीएवढे दगड घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच सरीत तिथे घळ पडते.

ओव्हरफ्लोसाठी खालच्या बाजूच्या बांधात ६० सेंटीमीटर रुंद सपाट फरशी बसवा, तिचा माथा तळापासून बरोबर १५ सेंटीमीटरवर. बाकी बांध तिच्याहून १० सेंटीमीटर उंच. तासाला १०० मिमी वेगाने पाऊस कोसळला तर १५० चौ.मी. गच्चीवरून सेकंदाला चार-सव्वाचार लिटर पाणी येतं. एवढ्या रुंदीवरून ते तीन सेंटीमीटर जाडीच्या थराने निघून जातं. पानं अडकली तरी मग बांध फुटत नाही. हे पाणी पावसाळी गटारात न्या. ड्रेनेज लाइनला कधीही नको, तिच्यावर पावसाचा भार आला की तळमजल्याच्या बाथरूममधून घाण वर येते.

बांधकाम ३१ मेपूर्वी संपवा. जूनमध्ये उघडा खड्डा राहिला तर आजूबाजूची माती वाहून तळावर बसते आणि पुन्हा काढावी लागते.

झाडं

एक-दोन चांगले पाऊस झाले की लागवड करा, साधारण जूनच्या मध्यावर. जुलैच्या झडीत लावलेली रोपं मुळं धरायच्या आत तरंगतात.

तळात, म्हणजे पाणी उभं राहतं तिथे, वाळा पहिला. त्याच्या मुळ्या सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, मातीत पाण्यासाठी वाटा करतात आणि उन्हाळ्यात त्याच त्याला जगवतात. पाणी आत येतं त्या दगडांच्या पुढे वाळ्याचे पंधराएक ठोंब १५ सेंटीमीटरवर अर्धवर्तुळात लावा. गाळ तिथेच अडेल. बाकी तळात वाळा आणि कर्दळ ४५ सेंटीमीटरवर, नागदवणा ६० सेंटीमीटरवर, मिळून ४५ ते ५० रोपं. वेखंड आणि ब्राह्मी दिसायला छान, पण त्यांना बारमाही ओल लागते. उन्हाळ्यात ठिबक देणार नसाल तर आणू नका.

उतारावर गवती चहा, पावसाळी लिली, रानहळद आणि तेरडा. रानहळदीचा इथे खास उपयोग: ती जूनमध्ये उगवते, पावसाळा संपला की पानं टाकून कंदात झोपते, उन्हाळ्यात पाणी मागतच नाही. कंद मात्र तळात लावू नका, कुजतील. तेरड्याचं बी एकदा पडलं की दर वर्षी आपणच उगवतो.

काठावर निर्गुडी. ओढ्याकाठची असल्याने तिला पूर आणि दुष्काळ दोन्ही ओळखीचे. १.५ मीटरवर दोन-तीन पुरेत, सोबत अडुळसा. वड, उंबर, पिंपळ वाफ्यात नको. वेडेलिया हे पिवळ्या फुलांचं, जमिनीवर पसरणारं झाड "झटपट हिरवं दिसतं" म्हणून ठेकेदार सुचवतील. ते बाकी सगळं गिळतं. सुबाभूळ, घाणेरी, गाजर गवत आणि नारिंगी कॉसमॉस दिसताच उपटा, फुलायच्या आत.

पहिल्या महिन्यात पूर्ण गच्चीचं पाणी आत सोडू नका. गाळ-चेंबरमध्ये एक बाजूचा पाइप गटाराकडे काढून ठेवला असेल तर निम्मं पाणी तिकडे वळवता येतं. रोपांनी धरलं की तो बूच लावून बंद करा.

देखभाल

तळात सेंटीमीटरच्या खुणा केलेली एक खुंटी रोवून ठेवा. मोठ्या पावसानंतर २४ आणि ४८ तासांनी पातळी पाहायची आणि वहीत लिहायची. सुरक्षारक्षकही हे सहज करू शकतो. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे ४८ तासांत रिकामी होणारी बाग डास वाढवत नाही. तिसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर कारण शोधा: बहुतेक वेळा पाणी येतं त्या बाजूला गाळाची साय बसलेली असते. ती दोन-तीन सेंटीमीटर खरवडून काढा, तिथे वाळू-कंपोस्टचं ताजं मिश्रण टाका. सगळी बाग उकरायची गरज सहसा पडत नाही.

पावसाळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन तरंगून ओव्हरफ्लोत अडकतं, म्हणून तेव्हा तळात फक्त खडी ठेवा. ऑक्टोबरात ५ ते ७ सेंटीमीटर पाला किंवा उसाचं पाचट पसरा, मेअखेर ते गोळा करा. कंपोस्ट द्यायचं तर तेही ऑक्टोबरात, पावसाआधी दिलं तर वाहून जातं. युरिया आणि कीटकनाशकं इथे कधीच नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, चौरस मीटरला १० लिटर पाणी द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एकदा. तिसऱ्यापासून वाळा आणि निर्गुडीला काही लागत नाही. कर्दळ सुकून खाली बसेल, ती मेली असं समजून उपटू नका. वाळा मेच्या शेवटी फूटभर ठेवून कापा. गच्ची, जाळी आणि गाळ-चेंबर पावसाळ्याआधी साफ, आणि चेंबर जुलै-ऑगस्टात दर पंधरवड्याला.

माणसांमुळे होणारं नुकसान गाळापेक्षा जास्त असतं. झाडलोट करणारे सगळी धूळ आणि पानं या खोलगट जागेत लोटतात. माळीकाका सवयीने प्रत्येक झाडाला आळं करतात आणि तळाची पातळी मोडते. आणि दोन वर्षांनी नवी कमिटी येते, तिला हा "खड्डा" खटकतो, दोन ब्रास माती टाकून वर लॉन लावलं जातं. म्हणून बागेचा आराखडा, पातळ्या आणि पाइपचा नकाशा सोसायटीच्या दप्तरात ठेवा, जागेवर फलक लावा, आणि माळीकाकांना कामाच्या पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

तिसऱ्या पावसाळ्याआधी मुरण्याची चाचणी पुन्हा करा, या वेळी वाफ्यातच: तळ नसलेला पत्र्याचा डबा मातीत पाच सेंटीमीटर दाबून, भिजवून, त्यात पाणी भरून. वेग तासाला १२ मिमीच्या खाली आला असेल तर वरचे दहा सेंटीमीटर बदलायची वेळ झाली आहे. त्याच सुमारास वाळ्याचे ठोंब दाट होतात. खणून चार-चार भाग करा, एक परत लावा, उरलेले दुसऱ्या पाइपखालच्या बागेला पुरतील.